बत्तीस नंबरचं तेल

तेलाविषयी बोलायला मला अजून बोलावतात. गुडघे गेले, एका कानाने कमी ऐकू येतं, तरी पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतला कुणी जुना ओळखीचा माणूस माझं नाव सुचवतो आणि मेट्रोच्या किंवा उड्डाणपुलाच्या कामावरून मला न्यायला गाडी येते. पत्र्याच्या शेडमध्ये ऑपरेटर आणि मेकॅनिक बसलेले असतात. जड यंत्रात कुठलं तेल घालायचं, हे मी त्यांना माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत आणि बऱ्या कानडीत सांगतो.

सांगायचं ते फार अवघड नसतं. एक्सकॅव्हेटरचा बूम, म्हणजे त्याचा लांब लोखंडी हात, उचलतं ते टाकीतलं हायड्रॉलिक तेल, आणि उचललेला बूम वर धरून ठेवतं तेही तेलच. डब्यावरचा नंबर म्हणजे तेलाचा दाटपणा. बत्तीस पातळ, सेहेचाळीस मध्यम, अडुसष्ट दाट. नवी गाडी असेल तर कंपनीच्या पुस्तकात असेल ते घालावं. पण गाडी जुनी झाली की तिच्या आतले भाग झिजतात, फटी वाढतात. तेल तापलं की आणखी पातळ होतं आणि त्या फटींतून निसटतं. मग धरलेलं ओझं कुणीही हात न लावता हळूहळू खाली बसतं. म्हणून पुस्तकाबरोबर गाडीचं वय बघायचं, ऊन बघायचं, ती खोदणार आहे की ओझं धरून उभी राहणार आहे तेही बघायचं.

गेल्या वर्षी बेळ्ळंदूरजवळ रिंग रोडवरच्या कामावर मी हेच बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यानंतर सुरक्षिततेवर बोलायला एक जुना ऑपरेटर उभा राहिला. तो आमच्याच समाजातला. आमची घरं इथं पिढ्यान् पिढ्यांची, घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी. मी त्याच्यापेक्षा वयाने बराच मोठा, म्हणून तो मला अण्णा म्हणतो. आम्ही एका यार्डात कितीतरी वर्षं काम केलं होतं.

तो म्हणाला, "माझ्या हाताने एका माणसाचा पाय गेला. आदल्या दिवशी या अण्णांनी मला फोनवर सांगितलं होतं, लिव्हरवरचा हात काढून बस. मी ऐकलं नाही. तुम्ही ऐका."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. टाळ्या झाल्या. त्यात मीही टाळी वाजवली.

त्याने सांगितलं तसं घडलं नव्हतं. काय घडलं होतं ते मी आता लिहितो आहे.

आमचं यार्ड पीण्यात होतं. मालक कानडी, स्वभावाने तापट पण माणसांना धरून राहणारे. यंत्रं भाड्याने द्यायचा धंदा. तेल-ग्रीस, फिल्टर, दुरुस्ती सगळं माझ्याकडे. मालक मला मेस्त्री म्हणत आणि मला विचारल्याशिवाय तेलाचं बॅरल विकत घेत नसत. मला त्याचा अभिमान होता, आणि तो थोडाफार दिसतही असणार. यार्डात एक फार जुना एक्सकॅव्हेटर होता. ऑपरेटर लोक त्याला अज्जी म्हणत, म्हणजे आजी. ती गाडी पुस्तकाप्रमाणे सेहेचाळीसची, पण मी तिला अडुसष्टवर ठेवली होती. त्यावर ती सुरेख चालायची. तिच्यावर हाच ऑपरेटर असायचा. तिचा आवाज बदलला तर त्याला जेवण जात नसे.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, आमच्या यार्डात एक पद्धत होती. आदल्या दिवशी गाड्या धुवायच्या आणि ज्यांची पाळी असेल त्यांचं जुनं तेल काढून टाकायचं. पूजेच्या सकाळी नव्या बॅरलला हळदकुंकू लावायचं आणि पहिलं माप मालकांनी स्वतःच्या हाताने ओतायचं. मग केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. मुहूर्ताला सगळ्या गाड्या एकदम सुरू करून लिंबांवरून पुढे घ्यायच्या आणि कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. त्या वेळी जी गाडी जागची हलली नाही तिचं वर्ष वाईट जातं, असं मालक मानत. मनातून आम्हीही मानत होतो.

नवं बॅरल यार्डात उतरल्याशिवाय जुनं तेल सोडायचं नाही, हा नियम मीच सगळ्यांना शिकवलेला. त्या वर्षी मीच तो मोडला. दुकानदाराने संध्याकाळपर्यंत टेम्पो पाठवतो म्हणून सांगितलं आणि मी अज्जीची टाकी रिकामी करून ठेवली. टेम्पो आला नाही. सकाळी दुकानाला कुलूप. त्यांच्याकडेही पूजाच होती.

मालक धोतर नेसून, आरतीचं ताट घेऊन आले. मी बाकीच्या गाड्यांजवळ उगाच घुटमळत होतो. रिकाम्या टाकीने गाडी सुरू करता येत नाही, पंप जळतो. मी शेजारच्या कारखान्यात गेलो. तिथे लेथचे भाग बनत. लेथच्या यंत्रांना बत्तीस लागतं, त्याचं न फोडलेलं बॅरल त्यांच्याकडे होतं. सणाचा दिवस, शेजारी मागायला आलेला, त्यांनी काही न विचारता दिलं. मी ते ढकलत आणलं, नंबराची बाजू भिंतीकडे केली आणि वरच्या झाकणाला कुंकू लावलं. मालकांनी पहिलं माप ओतलं. अज्जी मुहूर्तावर सुरू झाली, लिंबावरून गेली. ऑपरेटरने खाली उतरून मला वाकून नमस्कार केला.

एका दिवसाचा प्रश्न आहे, सण संपला की बदलू, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण दसरा होताच व्हाइटफील्डच्या पलीकडून काम आलं. पावसाच्या पाण्याच्या नाल्यासाठी चर खणायचा आणि सिमेंटचे मोठे पाइप पट्ट्याने बकेटला टांगून चरात बसवायचे. मालक म्हणाले, अज्जीला पाठवा. नाही म्हणायचं तर का नाही तेही सांगावं लागलं असतं. पूजेचं पहिलं माप चुकीच्या तेलाचं होतं आणि ते मी मालकांच्या हातून ओतवलं, हे सांगायची माझी तयारी झाली नाही. ऊन फार नाही, चार दिवस निभेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि गाडी ट्रेलरवर चढवली.

कामावरून ऑपरेटरचा फोन आला.

"अण्णा, दुपारी बूम आपोआप खाली येतोय. स्वल्पच, पण येतोय. अज्जीचं अंग सैल पडल्यासारखं वाटतंय."

मला कारण माहीत होतं. काम थांबव, पाइप टांगू नकोस, मी दाट तेल घेऊन येतो, एवढंच म्हणायचं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, मला कुणी घाईही करत नव्हतं. मी म्हणालो, "तुझा हात लिव्हरवर रेलून राहत असेल. हात काढून बस."

तो मग म्हणाला, "असेल हां, अण्णा. बघतो."

दुसऱ्या दिवशी पाइप टांगलेला असताना एक मजूर चरात उतरून खालचा चिखल खरवडत होता. तो रायचूरकडचा, त्या कामात मुरलेला. ऑपरेटर केबिनमध्ये बसून त्याच्या खुणेची वाट बघत होता. पाइप सावकाश खाली येत राहिला. चिखलात रुतलेला पाय त्याला वेळेवर काढता आला नाही. तो ओरडला तेव्हा ऑपरेटरने बूम उचलला, पण पाऊल गेलं होतं.

निरोप आला तसा मी तिथे गेलो. ऑपरेटर जखमी माणसाबरोबर हॉस्पिटलात होता. गाडी तशीच उभी होती. पाहणी दुसऱ्या दिवशी होणार होती. त्याच संध्याकाळी मी अज्जीची टाकी सोडली, गाडीच्या नळ्यांतलं निघेल तेवढं तेल काढलं आणि अडुसष्ट भरलं. तेलवाला माणूस तेल बदलतो आहे म्हटल्यावर कोण विचारणार. काढलेलं तेल मी यार्डातल्या टाकाऊ तेलाच्या पिंपात ओतलं.

पाहणीला मालक होते, ठेकेदाराचा इंजिनियर होता. गाडी चालवून बघितली, बूम वर धरून बघितला. बूम जिथल्या तिथे राहिला. इंजिनियरने मला विचारलं, गाडीत काही दोष? मी म्हणालो, गाडीत दोष नाही. मग ऑपरेटरला विचारलं. खोटं बोलायची माझी तयारी होती, पण ती वेळच आली नाही. तो आपणहून म्हणाला की माझाच हात लिव्हरवर राहिला असणार, अण्णांनी मला परवाच सांगितलं होतं.

मालकांनी त्याला काढलं. पीण्यात बातमी सगळीकडे गेली, दुसऱ्या कुणीही त्याला गाडी दिली नाही. खरं सांगायचं तर त्याने मागितलीही नाही. त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला होता. स्कूटरसुद्धा विकून टाकली. आमच्या समाजाच्या कार्यालयात कोठीवर, धान्य आणि भांडी सांभाळायला तो राहिला. लग्नामुंजीत मला दिसायचा. लोक त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली करत, की याच्या हातून एका गरिबाचा पाय गेला. तो मात्र दर रविवारी त्या माणसाकडे जायचा. त्या माणसाने व्हाइटफील्डमध्ये एका इमारतीच्या मागे छोटी टपरी टाकली होती. हा त्याला बिस्किटाचे पुडे नेऊन देई, बसून टपरी सांभाळी. एका रविवारी त्या माणसाने त्याला माफ केलं. ते त्याने मला लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढता वाढता सांगितलं. मी पानात बघत राहिलो.

इतकं सगळं पोटात ठेवून मी बेळ्ळंदूरच्या त्या शेडमध्ये टाळी वाजवली होती.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं बस स्टॉपवर आलो. रस्ता वाहनांनी तुंबलेला, बसचा पत्ता नाही. मी गप्प होतो.

"काय अण्णा, मला तुमच्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या म्हणून राग आला की काय?" तो हसला. "चला, चहा पाजतो."

मी म्हणालो, "अज्जीत बत्तीस होतं."

ऑपरेटरला यापुढे समजावून सांगावं लागत नाही. 

"कधीपासून?"

"पूजेपासून."

"मी फोन केला तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि हात काढून बस म्हणालात."

मी मान हलवली. का म्हणालात असं त्याने विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही. बस आली, तो चढला. मी चढलो नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तो माझ्या घरी आला. सुनेने पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "मी जिथे बोललो तिथेच तुम्ही बोला. त्याच माणसांसमोर." मी सरी म्हणालो, म्हणजे ठीक आहे.

पुढच्या महिन्यात त्याच शेडमध्ये मी उभा राहिलो आणि वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. हा मागच्या रांगेत बसला होता. मला वाटलं होतं, एकदा बोललो की झालं. पण लोकांनी ते मानलं नाही. एका मेकॅनिकने विचारलं, पाहणीत तर बूम जागचा हलला नव्हता, मग तेलाचा पुरावा काय? पुरावा मी स्वतःच पिंपात ओतला होता. मी तसं म्हणालो. तो हसला, पण आदराने. मग मागून कुणीतरी दुसऱ्याला सांगितलं, ते मला माझ्या चांगल्या कानाने ऐकू आलं. "आजोबा दोस्तासाठी बोलतायत रे. मोठ्या मनाचा माणूस."

मला जास्तीच्या टाळ्या पडल्या. त्या दिवशी मला जितकी लाज वाटली तितकी त्या पाहणीच्या दिवशीही वाटली नव्हती.

बाहेर येऊन ऑपरेटर म्हणाला, "बघितलंत अण्णा? तुम्ही खरं बोललात तरी तुम्हीच चांगले. आणि आता मलाही कळेना झालंय, तेल होतं की माझा हातच होता."

हे त्याचं बोलणं मला सहन झालं नाही. नोकरी गेली, नाव गेलं, ते आता माझ्याने भरून येणार नव्हतं. पण त्याचा हात त्या दिवशी कुठे होता, हे निदान त्याला तरी पक्कं कळायला हवं होतं. आणि बोलून ते होणार नव्हतं.

पीण्यात एका ओळखीच्याच्या दुरुस्तीच्या यार्डात अज्जीच्याच जातीची, तितकीच झिजलेली गाडी भंगारात निघायची वाट बघत उभी होती. ती एक दिवस दे म्हणून मी यार्डवाल्याला गळ घातली. शंका काढणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं, बेळ्ळंदूरच्या शेडमधले पाच-सहा ऑपरेटरही आले. माझा जुना ऑपरेटर त्या टपरीवाल्याला रिक्षाने घेऊन आला. त्याच्यासाठी सावलीत खुर्ची टाकली. कृत्रिम पाऊल त्याने बसल्यावर सोडून बाजूला ठेवलं.

आधी गाडीत अडुसष्ट भरलं. ऊन तापेपर्यंत ती चालवली, मग सिमेंटचा पाइप पट्ट्याने टांगला, लिव्हर मध्यावर आणून केबिनमधून माणूस उतरवला. पाइपामागे भिंतीवर खडूची रेघ मारली. आम्ही सगळे चहा प्यायलो. पाइप रेघेवरून किंचित सरकला, पण सरकला म्हणायलाही जवळ जाऊन बघावं लागत होतं.

मग टाकी सोडली, गाडीच्या नळ्या धुवून काढल्या आणि बत्तीस भरलं. पुन्हा तशीच तापवली, तोच पाइप, तीच रेघ. या वेळी माझ्या जुन्या ऑपरेटरने मला थांबवलं आणि स्वतः वर चढला. इतक्या वर्षांनी तो केबिनमध्ये बसत होता. पाइप उचलून रेघेवर आणला, लिव्हर सोडली आणि खाली उतरला. केबिनचं दार त्याने उघडंच ठेवलं, रिकामी सीट सगळ्यांना दिसावी म्हणून. मग तो गाडीपासून लांब, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

पाइप खाली येऊ लागला. धक्का नाही, आवाज नाही. बघत राहिलं तर हलताना दिसत नव्हता, नजर दुसरीकडे नेऊन परत आणली की रेघेपासून दूर गेलेला असायचा. मेकॅनिक दोनदा केबिनमध्ये डोकावून आला.  खाली एक लाकडी ओंडका ठेवला होता. पाइप त्याच्यावर टेकला तेव्हा ओंडका करकरला.

खुर्चीवरचा माणूस ऑपरेटरकडे न बघता कानडीत म्हणाला, "तू नव्हतास रे."

त्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "मग इतके रविवार माझी बिस्किटं खाल्लीस त्यांचं काय?"

"ती पचली."

दोघंही हसले नाहीत, पण बोलले एवढं खरं.  टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

मी खुर्चीजवळ गेलो. त्या माणसाशी मी त्या दिवसापर्यंत एकदाही बोललो नव्हतो. हॉस्पिटलात गेलो नव्हतो, टपरीवर गेलो नव्हतो. मी सांगितलं की हे तेल मी घातलं होतं, गाडी मी पाठवली होती, आणि बूम खाली येतो आहे हे आदल्या दिवशी मला कळलं होतं.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पाऊल उचलून घेतलं आणि पट्टे आवळू लागला. आवळता आवळता म्हणाला, "माफ केलं होतं ते मी याला. ते करायलाच बरीच वर्षं लागली. तुमचं मला पहिल्यापासून बघावं लागेल."

"सरी," मी म्हणालो.

ऑपरेटरने त्याला हाताला धरून उठवलं आणि दोघं रिक्षाकडे गेले.